'द क्लीन'ची 'अँथॉलॉजी': विखुरलेल्या गाण्यांना मिळालेले घर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ड्युनेडिन शहरात जन्मलेल्या 'द क्लीन' या बँडचे नाव माझ्या कानावर पडले, तेव्हा तो सुरू होऊन चार दशके उलटून गेली होती. इंग्रजी गिटार-संगीत मी महाविद्यालयात असल्यापासून ऐकत आलो आहे, त्यातल्या आडवाटांवरही बराच हिंडलो आहे, आणि तरीही या तीन माणसांचे एकही गाणे माझ्या वाट्याला आले नव्हते. २०२२ च्या गणपतीत, ऑकलंडला नोकरीनिमित्त स्थायिक झालेला माझा मावसभाऊ पुण्याला आला. त्याने तिथल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मिळालेली एक दुहेरी सीडी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "दादा, आधी पहिली सीडी नीट ऐक. दुसरीची घाई करू नकोस." डबीची बिजागरी एका बाजूने तुटलेली होती, आतली पुस्तिका कुणीतरी पुष्कळदा उघडून मिटल्यामुळे घडीवर पांढरी पडली होती. कित्येक महिने न लागलेला सीडी प्लेअर मी कपाटातून खाली काढला आणि आरती आटोपल्यावर, घरातली मंडळी झोपल्यावर, हेडफोन लावून ऐकायला बसलो. त्या रात्री पहिली सीडी मी सलग दोनदा ऐकली.

'अँथॉलॉजी' हा संग्रह २००२ मध्ये 'फ्लाइंग नन' या न्यूझीलंडच्या कंपनीने काढला आणि पुढच्याच वर्षी 'मर्ज रेकॉर्ड्स' या कंपनीने तो अमेरिकेत आणला. दोन सीडींवर मिळून ४६ गाणी आहेत. पहिल्या सीडीवर बँडच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतले काम आहे आणि दुसऱ्या सीडीवर प्रामुख्याने नव्वदच्या दशकातले. एखाद्या कलावंताची सगळी कारकीर्द एका संग्रहात बसवण्याचे प्रयत्न पुष्कळ होतात, आणि बहुतेक वेळा असा संग्रह ऐकणाऱ्याला मूळ अल्बमपासून दूरच ठेवतो, कारण प्रत्येक अल्बममधली दोन-तीन लोकप्रिय गाणी उचलून त्यांचा हार गुंफलेला असतो आणि ज्या संदर्भात ती गाणी जन्मली तो संदर्भ बाहेर राहतो. 'द क्लीन'च्या बाबतीत ही अडचण येत नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या इतिहासातच आहे. १९७८ मध्ये सुरू झालेल्या या बँडचा पहिला पूर्ण स्टुडिओ अल्बम १९९० मध्ये आला. मधल्या १२ वर्षांतले त्यांचे सर्वोत्तम काम सिंगल (एक-दोन गाण्यांची रेकॉर्ड), ईपी (सिंगलपेक्षा मोठी, पण अल्बमपेक्षा लहान रेकॉर्ड) आणि कॅसेट यांवर विखुरलेले होते. ज्यापासून दूर जावे असे मूळ पुस्तकच नव्हते, सुटी पाने होती, आणि ती एकत्र शिवली गेली तेव्हा प्रथमच त्या पानांचे पुस्तक झाले. म्हणून या बँडकडे जाण्याचा पहिला आणि योग्य रस्ता हा संग्रहच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ड्युनेडिन हे स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेले शहर आहे. एडिंबरोचे जे गेलिक नाव आहे त्यावरूनच या शहराचे नाव पडले. न्यूझीलंडमधले सर्वांत जुने विद्यापीठ, १८६९ मध्ये स्थापन झालेले ओटागो विद्यापीठ, याच गावात आहे. गावात विद्यार्थ्यांची वस्ती मोठी, हिवाळा लांबलचक, जुनी लाकडी घरे नीट न तापणारी, आणि संगीताचा व्यवसाय जिथे चालतो ते ऑकलंड दुसऱ्या बेटावर, समुद्रापलीकडे. अशा ठिकाणी हेमिश आणि डेव्हिड किलगोर या दोन भावांनी १९७८ मध्ये बँड उभा केला. हेमिशने ड्रम घेतले, डेव्हिडने गिटार. पीटर गटरिज हा त्यांचा अगदी सुरुवातीचा साथीदार होता, आणि पुढे रॉबर्ट स्कॉट बेस गिटार घेऊन आला तेव्हा जे त्रिकूट जमले तेच अखेरपर्यंत टिकले. ड्युनेडिनमध्येच ख्रिस नॉक्सचा 'द एनिमी' नावाचा पंक, म्हणजे जोरकस आणि मुद्दाम ओबडधोबड रॉक वाजवणारा, बँड होता, त्याच्या कार्यक्रमांत या पोरांना आधी वाजवण्याची संधी मिळाली. या नॉक्सचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे तोच या गोष्टीतला निर्णायक माणूस ठरतो.

पंकने त्यांना वाजवण्याचे धाडस दिले, पण त्यांच्या कानात साठचे दशक होते. न्यूयॉर्कच्या 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या बँडची एकसुरी, घासत जाणारी गिटार आणि त्या दशकातल्या चटकन ओठांवर बसणाऱ्या चाली, या दोन्ही गोष्टी 'द क्लीन'च्या गाण्यात शेजारी शेजारी नांदतात. पहिली सीडी सुरू होताच हे कळते, कारण सुरुवातीलाच 'टॅली हो!' आहे.

'टॅली हो!' हे १९८१ मध्ये आलेले त्यांचे पहिले सिंगल. ख्राइस्टचर्चमध्ये रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या रॉजर शेपर्डने नुकतीच 'फ्लाइंग नन' ही कंपनी काढली होती, आणि हे तिचे अगदी पहिल्या एक-दोन प्रकाशनांपैकी एक. ध्वनिमुद्रणाला ५०-६० डॉलरच्या आसपास खर्च आला, असे सांगतात. एवढ्या पैशांत केलेले हे गाणे न्यूझीलंडच्या विक्रीच्या यादीत १९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ३० लाखांवर होती, हे ध्यानात घेतले तर थोडक्या प्रतींवर यादीत जाणे शक्य होते हे समजते, पण त्याने या यशाचे मोल कमी होत नाही. दुकानदारांना, रेडिओवाल्यांना आणि गावोगावच्या पोरांना त्या दिवशी कळले की मोठ्या कंपनीवाचूनही रेकॉर्ड निघते आणि खपते.

गाण्यातला ऑर्गन मार्टिन फिलिप्सने वाजवला आहे. पुढे 'द चिल्स' या बँडमुळे जो नावाजला गेला, तोच हा फिलिप्स. त्या ऑर्गनवर तीन-चार सुरांची एक तुकडी आहे, लहान मुलाने शाळेतून येताना गुणगुणावी इतकी सोपी, आणि ती ड्रमच्या अर्धे पाऊल पुढे पळते आहे असे सतत वाटत राहते. गिटार तिला गाठायला धावते. आवाज दूरवरून, पत्र्याच्या शेडमधून यावा तसा आहे. मी हे गाणे चांगल्या हेडफोनवर ऐकले, नंतर स्वयंपाकघरातल्या लहान स्पीकरवर ऐकले, आणि लहान स्पीकरवर ते जास्त शोभले. ज्या गाण्याची सगळी शक्ती चालीत आणि वेगात असते, त्याला भारी यंत्राची गरज नसते.

यानंतर सीडीवर 'बूडल बूडल बूडल' या १९८१ च्या अखेरीस आलेल्या ईपीची पाचही गाणी येतात, आणि माझ्या मते अख्ख्या संग्रहाचा प्राण याच पाच गाण्यांत आहे. ती कशी मुद्रित झाली हे सांगितल्याशिवाय ती इतकी ताजी का वाटतात हे सांगता येणार नाही. ख्रिस नॉक्स 'द एनिमी'नंतर 'टॉय लव्ह' या बँडमध्ये होता. त्या बँडचा १९८० चा अल्बम ऑस्ट्रेलियात रीतसर स्टुडिओत मुद्रित झाला आणि त्यात आपला आवाज घासूनपुसून बेचव केला गेला, ही सल त्याच्या मनात राहिली. बँड मोडल्यावर त्याने टीआक कंपनीचे चार ट्रॅकचे टेपयंत्र घेतले, आणि 'टॉय लव्ह'चा ध्वनिव्यवस्थापक डग हूड याच्या साथीने त्या यंत्रावर ऑकलंडमध्ये 'द क्लीन'ची ही गाणी टिपली.

चार ट्रॅक म्हणजे चारच खाने. मोठ्या स्टुडिओत ड्रमच्या एकेका भांड्याला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक मिळतो, गायकाचा आवाज दहा वेळा घेऊन त्यातला उत्तम निवडता येतो, आणि नंतर आठवडाभर बसून प्रत्येक गोष्ट वर-खाली करता येते. चार खान्यांत ही चैन नाही. ड्रम एका खान्यात, फार तर दोन, गिटार आणि बेस एकत्र, उरलेल्यात आवाज. आणखी काही भरायचे तर आधीचे दोन ट्रॅक एकत्र करून तिसऱ्यावर उतरवावे लागतात, आणि असे केल्यावर तो निर्णय परत फिरवता येत नाही. त्यामुळे वाजवणाऱ्यांना एकत्र, एका दमात, मनापासून वाजवावे लागते. चूक झाली तर ती राहते, आणि खोलीचा आवाजही राहतो. भिंतींवरून परतणारी झांज, तारेवर बोट सरकल्याची कुरकुर, दोन भावांचे एकमेकांकडे पाहून वेग वाढवणे, हे सगळे त्या फितीवर आहे. आज ज्या कच्च्या, घरगुती वाटणाऱ्या ध्वनीला 'लो-फाय' म्हणतात आणि जो परिणाम कित्येक जण संगणकावर कृत्रिमरीत्या आणतात, तो इथे केवळ निकडीतून आलेला आहे. ही ईपी देशाच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली आणि सुमारे सहा महिने यादीत टिकली.

पाच गाण्यांपैकी 'बिली टू' आणि 'थम्स ऑफ' पहिल्याच ऐकण्यात ओळखीची होतात. 'एनीथिंग कुड हॅपन' हे त्यांतले सर्वांत मोकळे गाणे. अकूस्टिक गिटारचा दणकट ठेका आणि त्यावर अगदी निवांत म्हटलेले शब्द, जणू म्हणणारा चालता चालता शेजारच्या माणसाशी बोलतो आहे. 'सॅड आइड लेडी' बेताचे आहे. मला सांगायचे आहे ते पाचव्या गाण्याविषयी.

'पॉइंट दॅट थिंग समव्हेअर एल्स' हे साडेपाच मिनिटांच्या आसपासचे गाणे आहे, आणि पीटर गटरिज बँडमध्ये असतानाच्या काळापासून ते त्यांच्याकडे होते. सुरुवातीला डेव्हिडच्या गिटारवर एकच तार सतत वाजत राहते. तिच्या अंगावरून इतर तारांचे सूर येतात आणि विरतात, पण ती तार सुटत नाही. आमच्या घरी शेजारच्या खोलीत बहीण रियाजाला बसत असे तेव्हा भिंतीपलीकडून तंबोरा जसा ऐकू यायचा, गाणे कळायच्या आधी नुसती घुमणारी आस कळायची, तसा या गिटारचा पहिला अनुभव आहे. तंबोऱ्याशी तिचे नाते इतकेच की दोन्हींत एक सूर जमीन धरून ठेवतो आणि त्यामुळे वरच्या किंचितशा हालचालीलाही अर्थ येतो. बेस दोनच जागांवर ये-जा करतो. हेमिशचा ड्रम कुठेही मोठी फिरत घेत नाही. तोच ठेका, तीच टामची घसट, आगगाडी रुळांच्या सांध्यांवरून जावी तशी. शब्द थोडे आहेत, आणि ते गिटारच्या मागे इतके बुडालेले आहेत की ते एक वाद्यच होऊन जातात. साधारण अर्ध्यावर गिटार फुगू लागते, तिच्या आवाजाला कडेने काटे फुटतात, ऐकणाऱ्याला वाटते की आता काहीतरी कोसळणार, आणि ठेका मात्र तसूभर हलत नाही. गाणे संपते तेव्हा कुठे पोहोचल्यासारखे वाटत नाही. चालू असलेल्या गोष्टीपासून आपल्याला दूर नेले, असे वाटते. पहिल्या रात्री मी सीडी दुसऱ्यांदा लावली ती या एका गाण्यासाठी.

'ड्युनेडिन साउंड' हा शब्दप्रयोग त्या गावातल्या सगळ्याच बँडना पुढे चिकटवला गेला. १९८२ मध्ये 'ड्युनेडिन डबल' या नावाने 'द चिल्स', 'स्नीकी फीलिंग्ज', 'द स्टोन्स' आणि 'द व्हर्लेन्स' या चार बँडची एक दुहेरी ईपी निघाली, तिच्यामुळे हा शब्द रूढ व्हायला मदत झाली. खरे तर हे बँड एकमेकांसारखे फारसे वाजत नाहीत. तरी त्या शब्दाला काही अर्थ असेलच, तर तो झंकारणाऱ्या गिटारखाली सतत चालणाऱ्या या एका घुमत्या तारेत आहे, आणि तिचा उगम मला तरी 'पॉइंट दॅट थिंग'मध्ये ऐकू येतो.

पहिल्या सीडीवर पुढे १९८२ ची दुसरी ईपी आहे, जिचे नाव सांगायलाच एक श्वास लागतो: 'ग्रेट साउंड्स ग्रेट, गुड साउंड्स गुड, सो-सो साउंड्स सो-सो, बॅड साउंड्स बॅड, रॉटन साउंड्स रॉटन'. हीदेखील यादीत पहिल्या पाचांत गेली. 'बीटनिक' यातले उत्साही गाणे, 'फिश' हे शब्दांवाचूनचे, आणि 'फ्लॉवर्स' व 'स्लग साँग' ही अधिक विचित्र, कलंडत चालणारी. पहिल्या ईपीची एकसंधता इथे नाही, पण तिच्यापेक्षा अधिक मोकळेपणा आहे. त्याच वर्षीचे 'गेटिंग ओल्डर' हे सिंगल ऐकताना विशीतल्या मुलांनी वय होण्याविषयी गाणे करावे याचे मला आधी नवल वाटले, आणि आता माझ्या वयात ते त्यांच्या सर्वांत समजूतदार गाण्यांपैकी एक वाटते.

सीडीच्या उत्तरार्धात घरगुती ध्वनिमुद्रणेही आहेत. १९८३ मध्ये 'ऑडिटीज' नावाने कॅसेटवर आलेल्या त्यांच्या टिपणांच्या जातीचे हे काम आहे, आणि त्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. यांतली काही टिपणे नुसती टिपणेच आहेत. चाल सापडली, यंत्र चालू होते, म्हणून राहिली. चाहत्याला ती प्रिय होतील हे मला मान्य आहे, पण नव्या श्रोत्याने तिथे पोहोचेपर्यंत दमून जाऊ नये. मी तर असा सल्ला देईन की पहिल्या बैठकीत 'टॅली हो!'पासून 'गेटिंग ओल्डर'पर्यंतच ऐकावे आणि उरलेले आठवड्याने ऐकावे.

गंमत अशी की हे सगळे ऐन बहरात असताना, १९८२ च्या अखेरीस, बँड थांबला. दोन ईपी यादीत वर गेलेल्या, देशभर कार्यक्रमांना गर्दी, आणि तेव्हाच त्यांनी हात आखडता घेतला. दोघे भाऊ 'द ग्रेट अनवॉश्ड' या नावाने वेगळे, अधिक हळवे आणि कमी आवाजाचे काम करू लागले. १९८३ चा 'क्लीन आउट ऑफ अवर माइंड्स' हा त्यांचा अल्बम त्या काळातला. रॉबर्ट स्कॉटने 'द बॅट्स' हा बँड उभा केला, जो त्याच्या गाण्यांमुळे स्वतःच्या पायावर पुढे कित्येक दशके चालला. गटरिजने 'स्नॅपर' काढला आणि त्या घुमत्या तारेचा आणखी उग्र, यंत्रासारखा अवतार निर्माण केला. या वर्षांचा हिशेब वेगवेगळ्या नावांवर असल्यामुळे 'अँथॉलॉजी'मध्ये पहिली सीडी संपून दुसरी सुरू होताना मोठी खाच लागते, आणि ऐकणाऱ्याला ती जाणवते. एका बाजूला विशीतली पोरे, दुसऱ्या बाजूला तिशी ओलांडलेले गृहस्थ. पुस्तिका जवळ नसेल आणि ही मधली हकीकत ठाऊक नसेल तर दुसऱ्या सीडीच्या पहिल्या गाण्याला आपण चुकून दुसराच बँड लावला की काय, असे वाटू शकते. मावसभाऊ घाई करू नकोस म्हणाला होता ते यासाठीच असावे.

१९८८ मध्ये तिघे लंडनला पुन्हा एकत्र आले, काही कार्यक्रम केले, आणि त्यातून 'व्हेइकल' हा अल्बम झाला. १९९० मध्ये 'रफ ट्रेड' कंपनीने तो काढला. पुढे 'मॉडर्न रॉक' १९९४ मध्ये आणि 'अननोन कंट्री' १९९६ मध्ये. दुसरी सीडी मुख्यतः या तीन अल्बमवर उभी आहे. 'व्हेइकल'मधली 'आय वेट अराउंड', 'डायमंड शाइन', 'बिग सॉफ्ट पंच' ही गाणी आटोपशीर आहेत. हा अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा आहे, फारसे घोटून न घेता मुद्रित केलेला, आणि त्यातली चपळाई अस्सल आहे. आवाज आता स्वच्छ झाला आहे, एकेक तार वेगळी ऐकू येते. सुरुवातीला मला ही स्वच्छता खटकली. पहिल्या सीडीवरचे धुके सरले होते आणि त्या धुक्यावरच माझा जीव जडला होता. तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आले की धुके सरल्यामुळे आता गाण्याची रचना दिसते, आणि रचना उत्तम आहे. तिघेही गातात, तिघांच्या चाली येतात, आणि कोणीही पुढे येऊन मी नायक आहे असे म्हणत नाही.

'मॉडर्न रॉक'मध्ये कीबोर्डला अधिक जागा आहे. 'आउटसाइड द केज', 'सीक्रेट प्लेस' आणि 'लिंगर लाँगर' ही माझी आवडती. पावसाळी दुपारी खिडकीत बसून ऐकावीत अशी, जराशी पेंगुळलेली, पण आतून जागी. 'अननोन कंट्री'मधली निवड मला सर्वांत कमी पटली. 'फ्रान्झ काफ्का अॅट द झू' हे नाव जितके आकर्षक, तितके गाणे नाही. त्या अल्बमवर प्रयोग करून पाहण्याचा आनंद जास्त आणि गाणे पुरे करण्याची इच्छा कमी, असे वाटत राहते. संग्रहाचा तोल इथे बिघडतो; या शेवटच्या टप्प्यातली तीन-चार गाणी वगळली असती तर दुसरी सीडी अधिक बांधेसूद झाली असती.

इतका चांगला बँड आपल्यापर्यंत इतक्या उशिरा का पोहोचतो, याचा मी बराच विचार केला. एक कारण अंतराचे. ऐंशीच्या दशकात न्यूझीलंडहून रेकॉर्ड परदेशी जायची ती बोटीने आणि थोड्या प्रतींत; लंडन किंवा न्यूयॉर्कला जाऊन महिनोनमहिने कार्यक्रम करायचे तर घरदार, नोकरी सोडावी लागे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. संगीताचा इतिहास अल्बमच्या हिशेबाने लिहिला जातो. शंभर श्रेष्ठ अल्बमच्या याद्या निघतात, अल्बमच्या वर्धापनदिनी लेख येतात, आणि ज्याने आपले उत्तम काम पाच गाण्यांच्या ईपीवर ठेवले त्याला त्या यादीत बसायला खुर्चीच नसते. १९८६ मध्येही 'कंपायलेशन' या सरळ नावाचा एक संग्रह निघाला होता आणि परदेशात कित्येकांना हा बँड त्यातूनच कळला. म्हणजे त्यांच्या बाबतीत संकलनाने नेहमीच अल्बमचे काम केले आहे.

वाद्ये हातात धरणाऱ्यांनी मात्र त्यांना कधी दुर्लक्षिले नाही. अमेरिकेतल्या 'पेव्हमेंट' आणि 'यो ला टेंगो' यांसारख्या बँडनी 'द क्लीन'चे ऋण मान्य केलेले आहे. २००१ च्या 'गेटअवे' या अल्बममध्ये 'यो ला टेंगो'च्या मंडळींनी साथही केली. 'पेव्हमेंट'ची सुरुवातीची रेकॉर्डे मी वीस वर्षांपूर्वी ऐकली होती आणि तो ढिलेपणा, ते मुद्दाम सैल सोडलेले गाणे मला त्यांचे स्वतःचे वाटले होते. 'अँथॉलॉजी' ऐकल्यावर ती रेकॉर्डे पुन्हा काढली, आणि आता त्यांतल्या कित्येक जागा ओळखीच्या निघाल्या. नातवाला आधी भेटून मग आजोबांना भेटावे तसे झाले. मायदेशाने २०१७ मध्ये त्यांना न्यूझीलंड म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान दिले.

विकत घेण्याविषयी थोडे. २०१४ मध्ये 'मर्ज'ने हा संग्रह चार एलपींच्या रूपातही काढला. ज्यांच्याकडे टर्नटेबल आहे त्यांच्यासाठी तो मोठा मोह आहे, आणि या संगीताला मधूनमधून उठून बाजू बदलण्याची विश्रांती मानवतेही. पण परदेशातून टपालखर्च आणि सीमाशुल्क भरून चार जाड तबकड्या मागवणे सगळ्यांना परवडणारे नाही. जुन्या दुकानांत दुहेरी सीडी सापडली तर ती जरूर घ्यावी. स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांना एकच विनंती, गाणी उलटसुलट क्रमाने लावू नयेत. हा संग्रह जवळजवळ कालक्रमाने लावला आहे आणि त्याचा अर्धा अर्थ त्या क्रमात आहे. 'पॉइंट दॅट थिंग'च्या आधीची चार गाणी ऐकून मग त्यावर येणे आणि एकदम त्यावर येणे, यात फार फरक पडतो. २००९ चा 'मिस्टर पॉप' हा त्यांचा अखेरचा अल्बम संग्रहानंतरचा असल्याने तो वेगळा ऐकावा लागेल, आणि 'व्हेइकल' तर पूर्णच ऐकावा.

मला हा संग्रह मिळाला त्याच वर्षी, २०२२ च्या डिसेंबरात, हेमिश किलगोर गेल्याची बातमी आली. ते ६५ वर्षांचे होते. गटरिज त्याआधीच, २०१४ मध्ये गेले होते, आणि 'टॅली हो!'चा ऑर्गन वाजवणारे मार्टिन फिलिप्स २०२४ मध्ये गेले. ज्या हेमिशचे नाव मला तीन महिन्यांपूर्वी ठाऊक नव्हते, त्याच्या जाण्याने मी त्या संध्याकाळी इतका अस्वस्थ का झालो हे घरात कुणाला समजावून सांगता आले नाही. मी मावसभावाला फोन केला. त्याच्याकडे तेव्हा रात्र उलटून पहाट होत आली होती, तरी त्याने उचलला. दोघेही फार बोललो नाही. मग मी पहिली सीडी लावून फोन स्पीकरजवळ धरला आणि 'पॉइंट दॅट थिंग' सुरू केले. या वेळी मी गिटारकडे लक्ष दिले नाही, फक्त ड्रम ऐकला. साडेपाच मिनिटे तो माणूस एकदाही घाई करत नाही आणि एकदाही मागे पडत नाही.